जुन्या ३८६ ला नवा पॉवर सप्लाय : लोडसेलचं आयएसए कार्ड वाचवायचं आहे

कापूसकाटा

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी काट्यावर आहे. गाड्यांचा मोठा काटा केव्हाच नव्या इंडिकेटरवर गेला, पण प्रेसमधून निघालेल्या गाठी तोलायचा आतला काटा अजून एका ३८६ प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालून राहिला आहे. डॉसवरचा प्रोग्राम, आयएसए स्लॉटमध्ये (जुन्या पीसीतली कार्ड लावायची खाच) लोडसेलचं, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या सेन्सरचं, कार्ड, बाजूला डॉट मॅट्रिक्स. कार्ड बनवणारे आता धंद्यात नाहीत. कॅलिब्रेशन त्या कार्डात आणि त्याच प्रोग्राममध्ये आहे, म्हणून मशीन जगवायची आहे.

त्रास असा : सकाळी मशीन नीट सुरू होते, दुपारी टिनाच्या शेडमध्ये ऊन चढलं की अडकते. हार्डडिस्कच्या प्लगवर मीटर लावून पाहिलं, लाल वायर ४.६८ दाखवते आणि पिवळी ११.२. सप्लायवर २०० वॅटचं स्टिकर आहे. पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसला होता, तो काढला. त्याने थोडा फरक पडला, आजार गेला नाही.

ऑफिसात एक नवा ४५० वॅटचा एटीएक्स (आजच्या पीसीचा) सप्लाय पडून आहे. एटीएक्सवरून जुन्या पी८-पी९ प्लगवर (जुन्या मदरबोर्डला वीज देणारे दोन प्लग) जाणारं अ‍ॅडाप्टर मागवलं आहे. दिवाळीनंतर सीझन सुरू होईल, त्याआधी काम उरकायचं आहे. २०० च्या जागी ४५० वॅट लावल्याने कार्ड जळणार तर नाही ना? इथले मेकॅनिक दोन्ही बाजूंनी बोलून राहिले.

सिरीजबल्ब

भाऊ, अकोटहून लिहून राहिलो. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. तुमचा सप्लाय मेला नाही, थकला आहे. पाच व्होल्टच्या रेलले, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या त्या व्होल्टेजच्या वायरीले, खालची हद्द ४.७५ ची. तुमची रेल त्याच्याही खाली गेली, म्हणून मशीन अडकते. गरमीत जास्त अडकते म्हणजे कंडेन्सर सुकले असतील.

काही खोलायच्या आधी एक ऐका. या डब्यात लाईन थेट डीसी होते, दोन मोठ्या कंडेन्सरवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट बसते. प्लग काढल्यावरही ते राहू शकते. २३० चा साधा बल्ब होल्डरच्या वायरीने त्या टोकांना लावून रिकामं करा, मग मीटर लावून शून्य पाहा, मगच हात घाला. घाई असली त डबा खोलूच नका.

आयएसए१६

वॅटच्या आकड्याने कार्ड जळत नाही. सप्लाय जेवढा करंट देऊ शकतो त्यातला मशीन आपल्यापुरता घेते. धोका दुसरीकडे आहे : तो ४५० वॅट कोणत्या रेलवर आहे.

आयबीएमच्या पहिल्या पीसीचा, १९८१ च्या ५१५० चा, सप्लाय ६३.५ वॅटचा होता. त्याचा हिशेब असा : ५ व्होल्टवर ७ अँपिअर, १२ वर २ अँपिअर, उणे ५ वर ०.३ आणि उणे १२ वर ०.२५. आयबीएमच्याच पुढच्या एक्सटी पीसीचा १३० वॅटचा, त्यात ५ व्होल्टवर १५ अँपिअर. म्हणजे १३० पैकी ७५ वॅट एकट्या ५ व्होल्टचे. त्या काळात प्रोसेसर, मेमरी, कार्डं सगळं ५ वरच चालायचं. १२ व्होल्ट मुख्यतः ड्राइव्हच्या मोटरसाठी.

आजच्या सप्लायमध्ये हे उलटं झालं आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ वरून खातात, त्यामुळे ४५० पैकी बहुतेक ताकद १२ वर असते. ५ आणि ३.३ मिळून किती, ते लेबलावर वेगळं छापलेलं असते. तुमच्या ३८६ ला तेवढं पुरून उरेल. तरी ५ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि इथे लिहा.

स्वस्त सप्लायमध्ये आणखी एक भानगड असते. ५ आणि १२ दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवरून निघतात आणि दोघांची सरासरी पाहून सप्लाय स्वतःला सावरतो. तुमच्या मशीनचा लोड ५ वर जास्त, १२ वर जवळपास नाहीच. मग ५ खाली बसते, ते वर आणायला सप्लाय जोर लावतो आणि १२ फुगून साडेबारा-तेराकडे जाते. तुमच्या कार्डावरचा अ‍ॅनालॉग भाग १२ वर असेल, तर वजन तिथे बिघडेल. थोड्या चांगल्या सप्लायमध्ये १२ वरून वेगळ्या कन्व्हर्टरने ५ बनवतात, त्यात हा त्रास नाही.

कापूसकाटा

लेबल पाहिलं. ५ व्होल्टसमोर १५ अँपिअर आहे. ५ आणि ३.३ मिळून १०० वॅट लिहिलं आहे. अ‍ॅडाप्टर आलं, पण पी९ मध्ये जिथे पांढरी वायर पाहिजे तिथे पिनच नाही, जागा रिकामी आहे. विकणारा म्हणतो, नाही लागत ती. खरं आहे का?

आयएसए१६

ती पांढरी म्हणजे उणे ५ व्होल्ट. २००३ च्या आसपास एटीएक्सच्या स्पेसिफिकेशनमधून ती काढून टाकली, म्हणून नव्या सप्लायमध्ये मिळत नाही. सुरुवातीच्या पीसीत १६ किलोबिटच्या मेमरी चिपला ती लागायची. पुढे मदरबोर्डला गरज उरली नाही, फक्त आयएसए स्लॉटपर्यंत पोचवायची पद्धत राहिली. त्यामुळे बोर्ड तिच्याशिवाय सुरू होईल. खरा प्रश्न कार्डाचा आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता.

कार्ड बाहेर काढा. सोल्डरची बाजू वर करा, म्हणजे ज्या बाजूला चिप नाहीत ती. पाठीमागच्या पत्र्याकडून सोनेरी पट्ट्या मोजत या. ही बी बाजू. पहिली ग्राउंड, तिसरी ५ व्होल्ट, पाचवी उणे ५, सातवी उणे १२, नववी १२. पाचव्या पट्टीवरून ट्रॅक निघून कुठे जातो का ते बघा. पट्टीच नसेल, किंवा पट्टी असून ट्रॅक नसेल, तर उणे ५ विसरून जा. ट्रॅक असेल तर ती बनवावी लागेल.

सातवी पण पाहून ठेवा. लोडसेलचा सिग्नल फार बारीक असतो, तो वाढवणाऱ्या ऑप-अँपला बहुतेक वेळा उणे १२ लागते.

कापूसकाटा

पाचव्या पट्टीवरून ट्रॅक आहे, भाऊ. एका छोट्या कंडेन्सरवर जाऊन पुढे आठ पायांच्या चिपकडे जातो. सातव्यावर काहीच नाही.

तपकीरगल्ली

बरं झालं आधी बघितलंत. पिन रिकामी ठेवून मशीन सुरू केली असती तर डॉस उठला असता, प्रोग्राम उघडला असता आणि वजन भलतंच आलं असतं. मग दोष लोडसेलला दिला गेला असता.

उणे ५ बनवणं अवघड नाही. एटीएक्सची निळी वायर उणे १२ आहे. तिच्यावरून उणे ५ देणारा ७९०५ रेग्युलेटर लावायचा, तो पेनाच्या किमतीत मिळतो. इनपुटला २.२ मायक्रोफॅरॅड आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरॅड, दोन्ही रेग्युलेटरच्या पायांजवळ. कंडेन्सरची धन बाजू ग्राउंडला येईल, कारण व्होल्टेज उणे आहे. इथे फार जण फसतात.

दुसरी फसवी जागा पायांची. अधिक ५ देणारा ७८०५ हाताला सवयीचा असतो : इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९०५ मध्ये पहिला पाय ग्राउंड, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. पाठीचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे त्या पत्र्यावर उणे १२ असतं. तो थेट कॅबिनेटला स्क्रूने आवळला की निळी रेल शॉर्ट झाली. अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा वॉशर घाला, किंवा हवेत ठेवून वर श्रिंक ट्यूब चढवा. तुमचं कार्ड फार तर काही मिलिअँपिअर घेईल. शंभर जरी घेतले तरी सात व्होल्ट गुणिले ०.१, पाऊण वॅटच्या आत उष्णता. हीटसिंक लागणार नाही.

आणि पुढच्या स्विचकडे फार लक्ष द्या, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. जुन्या एटी (एटीएक्सच्या आधीच्या पद्धतीच्या) मशीनमध्ये पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट आलेले असतात, जाड केबलमधून चार वायरी. एटीएक्सचं बटण मात्र फक्त हिरवी वायर ग्राउंडला लावतं, तिथे पाचच व्होल्ट असतात. जुना सप्लाय काढताना त्या चारही वायरी पूर्ण काढा, मगच त्याच बटणावर अ‍ॅडाप्टरच्या दोन बारीक वायरी जोडा. तुमचं बटण दाबून अडकणारं आहे, ते इथे बरोबर चालतं. मेनची एखादी वायर बटणावर राहिली आणि बाजूला हिरवी लागली, तर बोर्ड, कार्ड, हार्डडिस्क सगळं एका क्षणात जाईल. माणसालाही धोका आहे.

पी८ आणि पी९ लावताना दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड वाचत नाही.

सिरीजबल्ब

सगळं बरोबर सांगून राहिले तुम्ही, पण जुना डबा काहून फेकायचा? त्याच्यात बहुतेक टीएल४९४ नावाची चिप राहते, नाहीतर तिची जोडीदार. दोन पॉवर ट्रान्झिस्टर, एक ट्रान्सफॉर्मर. सगळं उघडं, सगळं दुरुस्त होणारं. नव्या सप्लायमध्ये काही बिघडलं त मुंगीएवढे पार्ट, अन् त्यावर नंबर वाचता येत नाही.

आउटपुटचे कंडेन्सर बदला, १०५ डिग्रीवाले, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले). ट्रान्झिस्टरच्या बेसजवळ एक-दोन मायक्रोफॅरॅडचे बारीक कंडेन्सर असतात, ते सर्वांत आधी सुकतात, ते पण बदला. मोठे दोन बहुतेक वेळा धडधाकट राहतात. नागपूरला सीताबर्डीत सगळं सामान मिळते. झाल्यावर सिरीज बोर्डावर लावा : १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. चमकून मंद झाला त ठीक, भकभक पेटून राहिला त आत शॉर्ट आहे.

अन् रिकामा सप्लाय चालवू नका, जुन्याले लोड लागते. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पाचच्या रेलवर लावला त साधारण एक अँपिअर घेते. दोन-तीन लावले की काम भागते.

तपकीरगल्ली

काका, दुरुस्तीच्या बाजूने तुमचं म्हणणं मला पटतं, आणि ज्याच्या हाताला सवय आहे त्याने तसंच करावं. पण विदर्भातल्या हवेचा हिशेब बघा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. २६ अंशांच्या खोलीत जो आठ वर्षं टिकेल, तो ४६ अंशांच्या टिनाच्या शेडमध्ये दोनच वर्षं टिकेल. डब्यातली उष्णता त्यावर वेगळी. वर रुईचा बारीक तंतू पंख्यातून आत जातो आणि हीटसिंकवर गोधडीसारखा बसतो. तिथे तीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टर ठेवून फक्त कंडेन्सर नवे करणं, एवढ्या मोलाच्या कार्डासाठी मला धाडसाचं वाटतं. पाचची रेल चुकून वर गेली तर जुन्या चिपा ते सोसत नाहीत. नव्या बऱ्या सप्लायमध्ये व्होल्टेज वर गेलं की बंद पडायची सोय असते.

म्हणून माझं मत : काम नव्या सप्लायवर करा आणि जुना दुरुस्त करून जपून ठेवा. मूळ वायरी कापू नका. अ‍ॅडाप्टर वापरलं की उद्या सगळं होतं तसं परत लावता येतं.

एक सूचना : नवा सप्लाय अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (लाईनमधून घ्यायचा करंट सुधारणारं सर्किट असलेला) असेल तर सिरीज बल्बवर तो सुरूच होत नाही किंवा बल्ब लुकलुकत राहतो. त्यावरून तो खराब आहे असं समजू नका.

सिरीजबल्ब

हे पीएफसीचं कामाचं सांगितलं. गरमीचा हिशेब पण मान्य. दोन्ही डबे तयार ठेवा, भाऊ.

चुलबंदकाठ

मी भंडारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेच्या कपाटात एक बीबीसी मायक्रो नावाचा जुना ब्रिटिश कॉम्प्युटर निघाला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या प्रकल्पात शाळांना ही मशीनं दिली गेली होती, त्यातलाच असावा. मुलांना दाखवायचा आहे. परवा लावला तर 'बीप' वाजलं, आणि लगेच आतून धूर व घाणेरडा वास. प्लग काढला. आता तो गेला का?

आयएसए१६

मॅडम, बीप वाजला म्हणजे बहुतेक मशीन जिवंत आहे. त्या सप्लायचा हा ओळखीचा आजार आहे. मेनच्या दोन वायरींमध्ये कागदी गाभ्याचा एक कंडेन्सर असतो, बाहेरून पिवळसर पारदर्शक. वर्षानुवर्षं त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा कागदात शिरते, आणि लाईन मिळाली की तो धूर काढून फुटतो. गोसेखुर्दकडचा तुमचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. तो फक्त आवाज गाळण्यासाठी असतो, म्हणून धूर निघताना मशीन चालूही राहते. तिथे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरॅडचे, २७५ व्होल्ट एसीचे, एक्स-२ प्रकारचेच (थेट मेनवर लावण्यासाठी बनवलेले) कंडेन्सर लावायचे. साधा कंडेन्सर तिथे चालत नाही. हे काम, काकांनी वर सांगितलेली काळजी घेऊन, जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

पूर्ण सप्लाय बदलायचा असेल तर बीबीसीला ५, १२ आणि उणे ५ हवं असतं. १२ ड्राइव्हच्या जोडणीसाठी, उणे ५ सिरियल पोर्टासाठी. मीन वेल कंपनीचा आरटी-६५ए सप्लाय नेमका या तिन्ही रेल देतो. शेवटचं अक्षर पाहून घ्या, आरटी-६५बी मध्ये उणे ५ ऐवजी उणे १२ असते.

सिरीजबल्ब

आता लाईनचं बोलू द्या, कारण गावात सप्लाय मरते तो लाईनमुळेच. रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज १७० वर येते, पंप बंद झाले की २६० च्या वर. डीपीवरून न्यूट्रल तुटला त घरात चारशेपर्यंत येऊ शकते. नवा सप्लाय घेताना इनपुटले ९० ते २६४ लिहिलेला घ्या, खालची बाजू सांभाळली जाईल. वरच्या बाजूसाठी हाय-लो कट-ऑफ (व्होल्टेज फार वर-खाली गेलं की लाईन तोडणारा) लावा. अन् जुन्या डब्यामागचा लाल स्विच ११५ वर कोणी सरकवला नाही ना, ते पाहून घ्या. २३० च्या लाईनवर तो ११५ ले गेला की कंडेन्सर फुटतेच.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असन त त्यावर जुना सप्लाय नका लावू. लाईनवर आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी बनते, स्क्वेअर वेव्हवर ते सव्वादोनशेच्या आसपासच राहते. थकलेल्या सप्लायले तेवढं पुरत नाही.

आयएसए१६

काकांच्या यादीत अर्थिंग जोडतो, काट्याच्या मशीनला ते सर्वांत मोठं. अशा बहुतेक सप्लायमध्ये लाईन आणि न्यूट्रलवरून बॉडीकडे जाणारे दोन बारीक कंडेन्सर असतात. अर्थ जोडलेला नसेल तर बॉडी लाईनच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगते. हात लावला की मुंग्या येतात, त्या याच. करंट बारीक असतो, पण काट्याचा प्लॅटफॉर्म लोखंडी, जमिनीत रोवलेला, आणि लोडसेलच्या केबलची जाळी त्याला लागलेली. तरंगती बॉडी आणि जमिनीतला काटा यांच्यामध्ये तुमचं कार्ड येतं. प्लग लावता-काढताना तिथेच ठिणगी पडते, आणि रोज वजन नाचतं ते वेगळं.

कापूसकाटा भाऊ, सॉकेटच्या मोठ्या छिद्रात आणि लाईनमध्ये मीटर लावा. २३० च्या जवळ आलं नाही तर अर्थ नावालाच आहे. पाइप, कोळसा, मीठ घालून नवा खड्डा करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा.

कापूसकाटा

सगळं करून पाहिलं, मंडळी. सॉकेटवर अर्थ आणि लाईनमध्ये नव्वदच दाखवत होतं. वायरमनकडून नवा खड्डा करून घेतला, आता २२८ येते. पुढच्या बटणाच्या चारही जाड वायरी काढल्या, टोकं झाकली. ७९०५ श्रिंक ट्यूबमध्ये घालून पी९ च्या रिकाम्या जागेत वायर आणली. बोर्ड लावायच्या आधी पी८-पी९ च्या प्रत्येक पिनवर मीटर लावला.

आता चालू मशीनवर ५ ची रेल ५.०४, १२ ची १२.३, उणे ५ ची उणे ४.९८. काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, गाठीच्या १७० किलोपर्यंत बरोबर येते, दुपारच्या उन्हातही. आधी शेवटचा आकडा हलत राहायचा, तो अर्थिंगनंतर थांबला.

मॉनिटर जुन्या सप्लायच्या पाठीवरच्या सॉकेटमध्ये लागायचा. नव्याला ते सॉकेट नाही, मॉनिटर वेगळ्या बोर्डावर लावला आहे. पंख्याच्या बाहेर बारीक जाळी बसवली, ती दर शनिवारी झटकायची असं ठरलं. जुना डबा काकांकडे अकोटला पाठवतो, कंडेन्सर बदलून द्या.

तपकीरगल्ली

छान काम. १२.३ हद्दीत आहे, पाच टक्क्यांची सूट असते, १२.६ पर्यंत चालेल. कोणाकडे ऑसिलोस्कोप असेल तर ५ वरचा रिपल (व्होल्टेजमधली बारीक लहर) बघून घ्या, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. मीटरवर तो कळत नाही. आणि मशीन उघडी आहे तोवर मदरबोर्डवर निळ्या पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी आहे का बघा. ती गळली की तिचं पाणी आजूबाजूचे ट्रॅक खातं.

कापूसकाटा

बॅटरी आहे, आणि तिच्या पायाशी हिरवट पावडर दिसून राहिली. आजच काढतो.

आयएसए१६

काढण्याआधी बायोसमधले (मशीन सुरू होताना बोर्डवर आधी चालणारा प्रोग्राम) हार्डडिस्कचे आकडे लिहून घ्या : सिलिंडर, हेड, सेक्टर. बॅटरी गेली की ते पुसले जातात, आणि इतक्या जुन्या बायोसमध्ये हार्डडिस्क आपोआप ओळखली जाईलच असं नाही. हिरवा भाग पांढऱ्या व्हिनेगरने हलका पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या.

चुलबंदकाठ

आमच्या बीबीसीचे कंडेन्सर साकोलीच्या मेकॅनिकने बदलून दिले, मशीन सुरू झाली. पुढच्या दुरुस्तीसाठी सप्लायचा एक जादा डबा ठेवावा म्हणते. त्याच्याकडे जुना एटीएक्स आहे. तो म्हणतो, बीबीसीची जांभळी वायर एटीएक्सच्या जांभळ्याला लावून देतो. लावू द्यावं का?

आयएसए१६

नाही मॅडम, अजिबात नाही. बीबीसीत जांभळी म्हणजे उणे ५. एटीएक्समध्ये जांभळी म्हणजे अधिक ५ चं स्टँडबाय, आणि ते मशीन बंद असतानाही चालू राहतं. त्याला वर लिहिलेलं ७९०५ चं सर्किट दाखवा, निळ्या वायरीवरून. लाल तिन्ही लाल ५ व्होल्टला, काळ्या तिन्ही काळ्यांना, आणि प्रत्येक वायरीला आधी मीटर.